साडेचारपर्यंत गाव दाखव

बंगळुरूला नोकरीला असलेल्या माझ्या नातीच्या मैत्रिणी पुढच्या महिन्यात सोलापूर बघायला यायच्या आहेत. "आजी, एका दिवसात काय काय बघायचं ते लिहून पाठव की," असा तिचा निरोप फोनवर आला आणि मी चष्मा लावून बसले. सकाळी सिद्धेश्वराचं देऊळ, ऊन चढायच्या आत. तिथून तळ्याच्या कडेकडेनं भुईकोट किल्ला. इंद्रभुवनाची इमारत बाहेरूनच, पण मान वर करून सावकाश. दुपारी नवी पेठेत चादरी आणि टॉवेल, संध्याकाळी कंबर तलाव. शेंगाची चटणी घ्यायची ती उखळात कुटलेली, मिक्सरमधली नव्हे. कडक भाकरी बांधून न्यायची, आठ दिवस टिकते. इतकं सगळं भराभर लिहून झालं. मग 'किल्ल्याच्या तटावर जरूर चढा' असं लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं. चौदा वर्षांची असताना त्या तटावर उभं राहून मी एका परक्या बाईला आमच्या घरातलं गुपित सांगितलं होतं. त्या दिवसाबद्दल मी नातीलाच काय, तिच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता बसलेच आहे तर लिहून टाकते.

आमचं घर कन्ना चौकाच्या मागच्या एका गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढं शहाबादी फरशीचा ओटा. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. नायना यंत्रमागावर चादरी विणायचे, दुसऱ्याच्या कारखान्यात. गल्लीच्या दोन्ही टोकांना माग होते आणि त्यांची खटखट दिवसभर इतकी सारखी चालू असायची की आम्हाला ती ऐकूच यायची नाही. वीज गेली की मात्र सगळी गल्ली दचकून एकमेकांकडे बघायची. नायना घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक पांढरे तंतू बसलेले असायचे. ते ओट्यावर उभे राहून टॉवेलनं अंग झटकायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि पच्चिपुलुसु, म्हणजे चिंचेचं न शिजवलेलं सार, वर कांदा आणि भाजलेली मिरची कुस्करून. आजही तोंडाला चव नसली की मी तेच करते, पण ती आंबट-जळकट चव काही येत नाही. अम्मा मिरची चुलीच्या निखाऱ्यात खुपसायची. माझ्याकडे निखारा कुठला?

माझी बहीण कला माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची. अक्का विड्या वळायची. आमच्या भागात त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, घराघरात बायका तेच करायच्या. सकाळी कारखान्यात जाऊन काल वळलेल्या विड्या द्यायच्या, पानं आणि तंबाखू घेऊन यायचं, पानं भिजवायची, कात्रीनं एका मापाची कापायची आणि मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत वळत बसायचं. पानावर चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत फिरवून गुंडाळी, टोक अंगठ्याच्या नखानं आत दुमडायचं, दोरा बांधायचा. अक्काचा हात इतका चालायचा की बघणाऱ्याला विडी सुपातून आपोआप उगवते आहे असं वाटावं. चौथीनंतर तिची शाळा सुटली ती या सुपासाठीच. माझी शाळा चालू राहिली तीही या सुपामुळेच, हे मला तेव्हा कळत होतं. पण कळणं आणि मनाला लागणं यात पुष्कळ अंतर असतं.

त्या वर्षी अक्काला खोकला लागला. तंबाखूची धूळ नाकातोंडात जातेच, त्यामुळे खोकला कुणाला नसायचा? अम्मा म्हणायची, हळद-दूध पी. एकदा पहाटे मोरीत भांडी घासायला गेले तर अक्का पाठमोरी बसून एक चिंधी धूत होती. पाणी तांबूस होतं. मला बघून तिनं चिंधी पिळली आणि माझं मनगट धरलं. "अम्माला सांगायचं नाही. नायनाला तर अजिबात नाही. लग्न होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. माझी शपथ हाय तुला." मी मान हलवली. त्यानंतर दोन-अडीच महिने मी रोज पहाटे तिच्या आधी उठून मोरीपाशी कान देऊन उभी राहायची. कधी नुसता खोकला, कधी पाण्याचा आवाज. पाण्याचा आवाज आला की त्या दिवशी शाळेत मला फळ्यावरचं काही दिसायचं नाही.

अशात पुण्याचं स्थळ आलं. मल्लय्या मामा म्हणून नायनांचे लांबचे नातेवाईक आमच्या समोरच्याच घरात राहायचे, तेच मध्यस्थ. मुलगा पुण्यात कारखान्यात फिटर, घर स्वतःचं, सासरा राजय्या सज्जन माणूस. अट एकच होती, आणि ती मुलाच्या आईनं, रत्नम्मानं घातलेली होती. मुलगी विड्या वळणारी नको. मामांनी काय करावं? "आमची कला शिवणकाम करते," असं सांगून मोकळे झाले. याआधी अक्काची दोन स्थळं मोडली होती. अम्मा मामांना काही बोलली नाही. नायनांनी चार दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, पण तेही काही बोलले नाहीत.

बघण्याचा दिवस गुरुवार ठरला. मुलाचे आईवडील आधी येऊन मुलगी बघणार, पसंत पडली तर मुलगा पुढच्या खेपेला. आदल्या दिवशी अम्मानं सूप, कात्री, पानांची पोती सगळं मागच्या गल्लीतल्या मावशीकडे नेऊन टाकलं. भिंतींना चुना दिला. तरी वास जाईना. तंबाखूचा वास चुन्याखालूनही येतो. मग उदबत्त्या, मग कापूर, मग लोबान. अक्काच्या बोटांना लिंबू चोळून चोळून कातडी सोलवटली, पण अंगठ्याचा तपकिरी डाग तिथेच. आणि मग गल्लीनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. अम्मा घरोघर जाऊन एवढंच म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत ओट्यावर सूप घेऊन बसू नका." एकीनंही का म्हणून विचारलं नाही. गुरुवारी सकाळी आमच्या गल्लीतले सगळे ओटे रिकामे होते. धुतलेले, रांगोळ्या काढलेले आणि रिकामे.

पाहुणे सकाळच्या गाडीनं आले, मामांकडे उतरले, तिथेच जेवले. दीड ते तीन राहुकाळ, आणि पंचांगात मामांना चांगली वेळ सापडली ती साडेचारची. मधले तास काढायचे कसे? राजय्यांनीच सुटका केली. ढेरपोटे, हसतमुख, खिशाला पेन लावलेले. म्हणाले, "सोलापूर एवढं ऐकतो, कधी बघितलं नाही. गाव तरी बघू." नायनांना मागावरून अर्ध्या दिवसाचीच सुटी होती आणि मामांच्या गुडघ्यात दुखत होतं. शाळेत 'माझे गाव' या निबंधाला माझा पहिला नंबर आला होता, ते मामांच्या लक्षात होतं. त्यांनी मला हाक मारली. "शोभा, पाहुण्यांना साडेचारपर्यंत गाव दाखव." मग मला ओट्याच्या टोकाला नेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "कारखान्याच्या रस्त्यानं जाऊ नको. टांगा सरळ इंद्रभुवनावरून घे. आणि तोंड सांभाळ." अम्मानं माझ्या परकराची नाडी उगाचच घट्ट केली. अक्का आतल्या खोलीत केसांना तेल लावून बसली होती. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

टांगेवाला ओळखीचा होता, विजापूर वेशीतला. त्याला सगळे चाचा म्हणायचे. राजय्या पुढं चाचांशेजारी बसले, मी आणि रत्नम्मा मागं, रस्त्याकडे तोंड करून. रत्नम्मा सडसडीत, रापलेली बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात छत्री. स्टेशनवरून आल्यापासून ती दहा शब्दसुद्धा बोलली नव्हती. टांगा गल्लीतून निघाला तेव्हा ती दोन्ही बाजूंचे ओटे बघत होती. एकेक ओटा, सावकाश. मी तिचं लक्ष वळवायला निबंधातली वाक्यं म्हणू लागले. आमच्या गावच्या चादरी लांब लांब जातात, आमच्या गावात चार भाषा बोलल्या जातात, जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. ती "हं" म्हणायची आणि परत रस्ता बघायची.

चौकाच्या पुढं रस्ता खोदून ठेवला होता. चाचांनी घोडा थांबवला. "इधरसे तो नै होता, पोरी. कारखान्याकडनं घालतो, लई लांब न्हाई पडत." मी म्हणाले, "नको चाचा, मागं फिरवा." "अगं मागं कशाला? पाच मिन्टाचं काम हाय की." राजय्या म्हणाले, "घ्या घ्या, तिकडचंही गाव बघू." आणि टांगा वळला. पुढच्या वळणावर विड्यांचा कारखाना, आणि सकाळी सुरू झालेली विड्या मोजून द्यायची बायकांची गर्दी दुपारपर्यंत तिथून हटायची नाही. अंगावर ना पदर होता ना ओढणी, तोंड कुठं लपवू तेच कळेना. तोंड लपलं नाही. कडेला पाट्या घेऊन निघालेल्या चार-पाच बायका होत्या, त्यात आमच्या मागच्या आळीतली नागूबाई. तिचा आवाज गल्लीभर जायचा.

"काय गं शोभे! कला आज का आली न्हाई? पानं तशीच पडल्यात तिच्या नावाची. खोकला वाढला का काय लई?"

घोड्याच्या टापा, चाचांचं "हट हट" आणि कारखान्याच्या दारातला कालवा. पुढं बसलेल्या राजय्यांनी मान वळवली नाही. ते चाचांना घोड्याचं वय विचारत होते. मी हळूच शेजारी बघितलं. रत्नम्मानं छत्री मांडीवर आडवी धरली होती आणि ती नागूबाईकडे बघत होती. टांगा पुढं गेला तरी ती मान वळवून तिच्याकडेच बघत होती. मग सरळ बसली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. इंद्रभुवन आलं. मी खाली उतरून कमानी, घुमट, वरच्या मूर्ती दाखवल्या. राजय्या वहीत काहीतरी टिपून घेत होते, "वा, वा," म्हणत होते. मला माझाच आवाज लांबून येतो आहे असं वाटत होतं. कुठल्या कमानीबद्दल काय सांगितलं देव जाणे.

किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आतल्या बागेत कडुलिंबाखाली दोन म्हातारे पत्ते खेळत होते. राजय्यांना तोफ बघायची होती. रत्नम्मा म्हणाली, "तुम्ही बघून या. मी हिच्याबरोबर वर जाते, वारा खायला." आम्ही दगडी पायऱ्या चढून तटावर गेलो. खाली सिद्धेश्वराचं तळं, मधोमध देऊळ, पाण्यावर ऊन नुसतं तापत होतं. मी म्हणाले, "ते बघा देऊळ. चारी बाजूंनी पाणी आहे." ती म्हणाली, "बघितलं. बस हितं."

मी बसले. ती उभीच राहिली, माझ्यावर छत्रीची सावली धरून.

"तुमच्या गल्लीत ओट्यावर एक सूप न्हाई," ती तेलुगूत म्हणाली. "मी माहेरची नगरची. आमची आळीही विड्यांचीच. असे रिकामे ओटे मी जन्मात बघितले न्हाईत. आल्या आल्या कळलं मला. मग त्या बाईनं हाक मारली."

मी मान खाली घातली.

"विड्या वळते ना तुझी अक्का?"

मी मान हलवली.

"ते जाऊ दे. खोटं बोलले त्याचं मी तुझ्या बापाशी बघीन. मला दुसरं सांग. खोकला किती दिवसांचा?"

"सगळ्यांनाच असतो की," मी म्हणाले.

"सगळ्यांचं विचारत न्हाई मी. सकाळी जास्त असतो?"

"व्हय."

"वजन उतरलंय?"

अक्काच्या झंपराच्या बाह्या अम्मानं दोनदा आत घेतल्या होत्या. रत्नम्मा खाली बसली, अगदी माझ्यासमोर, साडीला धूळ लागते आहे याची पर्वा न करता. तिनं माझी हनुवटी वर केली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. पण मऊही नव्हता. "रक्त पडतं का?"

मी आजवर पुष्कळ लोकांना सांगत आले आहे की मुलांना अवघड प्रश्न विचारले की ती खरं बोलतात. शाळेत बाई म्हणून तीस वर्षं काढली, त्या अनुभवावर सांगते असं म्हणते. खरं तर हा अनुभव माझा स्वतःचा, त्या तटावरचा. आणि मी लगेच खरं बोलले नाही. आधी "न्हाई" म्हणाले. स्वच्छ, डोळ्यांत बघून. ती म्हणाली, "बरं," आणि उठायला लागली. म्हणजे झालं, सुटले, लग्न होणार, अक्का पुण्याला जाणार, मी शपथ पाळली. आणि त्याच क्षणी मला दिसलं की अक्का पुण्याच्या कुठल्या तरी मोरीत बसली आहे आणि दाराबाहेर कान देऊन उभं राहायला कुणी नाही.

"पडतं," मी म्हणाले. "सकाळी. मी बघितलंय. कुणाला ठाऊक न्हाई."

रत्नम्मा परत बसली. मग म्हणाली, "माझी आई अशीच गेली. मग थोरली बहीण. विडीची अट मी उगाच घातली न्हाई, पोरी. मला ते परत बघायचं नव्हतं." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, मी रडत होते हे मला त्यानंच कळलं. "हे लग्न होणार न्हाई. आता चल, देऊळ दाखव."

देवळात गेलो. तळ्याच्या कडेनं चालताना राजय्या मला विचारत होते, मासे किती मोठे होतात, यात्रेत नंदीध्वज किती असतात. मी उत्तरं देत होते. रत्नम्मानं देवापुढं डोकं टेकलं ते फार वेळ उचललं नाही. राजय्या हसून म्हणाले, "मुलासाठी एवढं मागणं मागते आहे." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण पळून जाणार कुठं? घर तर तिथंच होतं, त्याच गल्लीत, आणि टांगा तिकडेच निघाला होता.

आम्ही परतलो तेव्हा चार वाजून गेले होते. नायना पांढरा सदरा घालून ओट्यावर उभे, मामा शेजारी. सतरंजीवर उसन्या आणलेल्या दोन लोखंडी खुर्च्या. रत्नम्मा ओट्यावर न थांबता सरळ आत गेली, आतल्या खोलीत, जिथं अम्मा अक्काच्या केसांत अबोलीचा गजरा माळत होती. मी मागोमाग. तिनं दार लोटून घेतलं. अम्मा गडबडून उठली. रत्नम्मानं अक्काचा उजवा हात हातात घेतला, अंगठा उलटा करून बघितला आणि म्हणाली, "पोरीला उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात न्या. छातीचा फोटो काढा. तिच्या खोकल्यात रक्त हाय."

अम्मानं आधी रत्नम्माकडे बघितलं, मग अक्काकडे. अक्का त्या दोघींकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. इतकी शांत नजर मी परत कुणाची बघितली नाही.

"कोण म्हणतं असं?" अम्मा म्हणाली.

"कोण म्हणतं ते सोडा. बघण्याचा कार्यक्रम आता नको."

अम्मा वाकली. रडली नाही. रत्नम्माच्या पायाला हात लावून म्हणाली, "गल्ली सकाळपासून आमच्यासाठी कामं सोडून बसलीय हो. न बघता उठून गेलात तर त्यांना काय सांगू? एकदा बसू द्या तिला. मग नको म्हणून कळवा."

बाहेरून मामांची हाक आली, "झालं का? वेळ चाललीय." रत्नम्मानं अक्काचा हात सोडला आणि म्हणाली, "बसू दे."

आणि कार्यक्रम झाला. अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली, पाठोपाठ मी पुलिहोऱ्याच्या, म्हणजे चिंचभाताच्या, बश्या घेऊन. अक्कानं खोकला दाबून धरला होता. तिच्या गळ्याची शीर मला दिसत होती, ट्रेमधल्या कपबश्या बारीक किणकिणत होत्या. खिडकीबाहेर गल्लीतल्या बायका श्वास रोखून उभ्या. राजय्यांनी नाव विचारलं, शिवणकाम कुठं शिकली विचारलं. अक्का म्हणाली, "घरीच." राजय्या हसले, अम्माच्या पुलिहोऱ्याची तारीफ केली, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "मला तर पोरगी पसंत हाय. काय गं?" नायनांचे डोळे भरून आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. रत्नम्मा कप खाली ठेवून म्हणाली, "घरी जाऊन कळवू." राजय्या चमकून तिच्याकडे बघायला लागले. "अगं पण—" "कळवू म्हटलं ना," ती म्हणाली. अक्का उठली, वाकून दोघांना नमस्कार केला आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून खोकत राहिली. पाहुणे टांग्यात बसले. नायनांशी खोटेपणाबद्दल रत्नम्मा एक शब्द बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात गेलो. फोटोत डाव्या बाजूला डाग निघाला. इंजेक्शनं, गोळ्या, दीड वर्ष. तंबाखूला हात लावायचा नाही. त्या शिवणकामाच्या खोट्यापायी नायनांनी मामांशी बोलणं सोडलं ते कायमचं. पुण्याहून नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. आणि अक्काचं सूप माझ्या मांडीवर आलं. नववीचं ते वर्ष मी शाळेत गेले नाही. माझा हात अक्कासारखा कधीच चालला नाही, माझ्या विड्या कारखान्यात निम्म्या परत यायच्या. अक्का भिंतीला टेकून मला वळताना बघायची. चुकलं तरी सांगायची नाही. "पाणी दे," "दार लाव," "औषध झालं," याच्यापलीकडे ती माझ्याशी बोलत नव्हती. आठव्या महिन्यात तिला बरं वाटायला लागलं, अंगावर थोडं मांस चढलं आणि ती म्हणाली, आता पुरे झाली इंजेक्शनं. अम्मालाही तेच वाटत होतं. त्याच सुमारास एक पोस्टकार्ड आलं. खाली नाव नव्हतं. मोडक्या मराठीत एवढंच होतं, बरं वाटलं की माणसं औषध सोडतात, माझ्या बहिणीनं तेच केलं, तुम्ही सोडू नका. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्का त्या दिवशी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली.

पुढं तिचं लग्न झालं, गिरणीच्या रंगाई खात्यात काम करणाऱ्या एका माणसाशी. आधी झालेल्या आजाराचं तिनं स्वतःच त्याला सांगितलं, बघण्याच्याच कार्यक्रमात, सगळ्यांदेखत. दोन मुलगे आहेत. आज ती थोरल्याकडे सुखात आहे, आणि माझ्यापेक्षा तिचाच आवाज खणखणीत आहे. रत्नम्माला मी परत कधीच बघितलं नाही. त्या पोस्टकार्डावर पत्ता नव्हता, आणि मामांना विचारायची सोय राहिली नव्हती.

औषधं संपली त्या दिवशी डॉक्टरांनी नवा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, जुना शेजारी धरला आणि म्हणाले, "जा आता. परत येऊ नका." फाटकाबाहेर आल्यावर मी घरच्या रस्त्याला लागले. अक्का जागची हलली नाही.

"किल्ला कुठाय?" तिनं विचारलं.

मला वाटलं चेष्टा करते आहे. चोवीस वर्षं या गावात राहिलेली माझी बहीण किल्ल्यात एकदाही गेली नव्हती. जायला तिला दिवस कुठला मोकळा मिळाला होता? आम्ही चालत गेलो. ती पायऱ्या एका दमात चढली. मीच मागं राहिले. वर गेल्यावर म्हणाली, "कुठं सांगितलंस तिला?" मी जागा दाखवली. ती त्या दगडावर बसली, तळ्याकडे बघत. वारा होता, देवळातली घंटा मधूनच ऐकू येत होती.

"अक्का, माझा राग अजून हाय का?" मी विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

"तुझा नव्हताच," ती म्हणाली. "ती बाई कोण कुठली, दोन तासांत तिला कळलं. आपल्या घरात मी रोज अम्माच्या शेजारी झोपत होते, नायनासमोर जेवत होते. कुणाला दिसलं न्हाई. त्याचा राग आला होता."

"मग माझ्याशी का बोलत नव्हतीस?"

"अम्माशी कशी भांडू? तिच्याशी भांडून काय मिळालं असतं? तू होतीस, तुझ्याशी भांडले." तिनं माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. माझी बोटं उलटीसुलटी करून बघितली. अंगठ्यावर हात फिरवला. "जूनपासून शाळेत जायचं," म्हणाली. "मी शिवण शिकणार हाय. खरोखरचं."

आम्ही खाली उतरलो, तळ्याला वळसा घातला, देवळात गेलो, इंद्रभुवनापुढं उभं राहून तिनं वरच्या मूर्ती मोजल्या. नवी पेठेत दुकानांच्या काचांपुढं ती इतका वेळ रेंगाळली की शेवटी मीच कंटाळले. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अम्मा ओट्यावर उभी, चेहरा उतरलेला, दवाखान्यात काय झालं असेल या धास्तीनं सकाळपासून पाणीसुद्धा न प्यायलेली.

"कुठं होता गं दोघी? काय म्हणाले डॉक्टर?"

"बरी झालीस म्हणाले," अक्का चपला काढत म्हणाली. "गाव बघायला गेलतो."